घरातील जुन्या तबकड्या संगणकावर उतरवताना : प्रथमच हे काम हाती घेणाऱ्यांसाठी

सदाशिव पेठेतील आमचा वाडा पुनर्विकासासाठी रिकामा करताना माळ्यावरून पत्र्याच्या दोन ट्रंका खाली आल्या. त्यांत आजोबांनी जमवलेल्या ग्रामोफोनच्या १४० तबकड्या होत्या. निम्म्याहून अधिक ७८ च्या (म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या), बाकीच्या एलपी, म्हणजे लांब वाजणाऱ्या मोठ्या तबकड्या, आणि काही ४५ च्या छोट्या. प्रत्येक पाकिटावर आजोबांच्या हस्ताक्षरात पेन्सिलीने क्रमांक घातलेला होता. त्यांपैकी बारा तबकड्या आम्ही एका दुकानात देऊन सीडीवर उतरवून घेतल्या. सीडी हाती आली तेव्हा खरखर पार नाहीशी झाली होती, परंतु तिच्याबरोबर तानपुराही नाहीसा झाला होता आणि गाणाऱ्याचा आवाज पाण्याखालून यावा तसा येत होता. सफाईपूर्वीचे मूळ रेकॉर्डिंग मागितले, तर ते ठेवलेच नसल्याचे कळले. त्यानंतर हे काम मी स्वतः शिकलो. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना तीच वाट पुन्हा चाचपडावी लागू नये, म्हणून ती येथे क्रमाने मांडत आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. डिजिटल प्रतीचा दर्जा प्रामुख्याने तबकडी, सुई आणि धुलाई या तीन ठिकाणी ठरतो. संगणकावरची सफाई त्यानंतरची आहे, आणि ती जितकी कमी करावी लागेल तितके बरे.

१. हाती आलेली तबकडी कोणती आहे, हे आधी ओळखा

७८ ची तबकडी लाख आणि दगडाची भुकटी यांच्या मिश्रणाची असते. ती जड आणि ठिसूळ असते, हातून पडली की काचेसारखी फुटते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस साधारण सव्वातीन मिनिटांचे गाणे मावते. व्हिनाइलची एलपी ३३ १/३ फेऱ्यांची असते आणि हलकेच वाकते. एलपी १९४८ साली अमेरिकेत आली आणि पुढच्याच वर्षी ४५ ची छोटी तबकडी आली. आपल्याकडे मात्र ७८ च्या तबकड्या १९६० च्या दशकातही छापल्या जात होत्या. त्यामुळे गाणे साठच्या दशकातील आहे एवढ्यावरून तबकडी व्हिनाइलचीच असेल, असे धरून चालू नका. लेबल वाचा आणि वजन हातात घेऊन पाहा.

त्यानंतर ती मोनो (डाव्या-उजव्या बाजूंना एकच आवाज) आहे की स्टिरिओ (दोन्ही बाजूंना वेगळा), हे पाहा. भारतात छापलेल्या एचएमव्हीच्या एलपीवर क्रमांकाआधी ‘ईसीएलपी’ ही अक्षरे असतील तर ती मोनो आणि ‘ईसीएसडी’ असतील तर ती स्टिरिओ. याचा उपयोग पुढे आठव्या टप्प्यात होईल.

२. साहित्य जमवा

- ३३, ४५ आणि ७८ हे तिन्ही वेग असलेले टर्नटेबल, ज्याची सुई आणि तिचा भार बदलता येतो
- एलपीसाठी एक सुई आणि ७८ साठी दुसरी, जाड सुई
- फोनो प्रीअँप, म्हणजे सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारे यंत्र (टर्नटेबलमध्ये अंगभूत नसेल तर)
- लाइन इनपुट असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस (आवाज संगणकात नेणारी जोडणी)
- संगणक आणि त्यावर ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम
- सुईचा भार मोजण्याचा छोटा डिजिटल काटा
- डिस्टिल्ड वॉटर, मऊ केसांचा ब्रश, धागे न सोडणारे कापड
- नवी आतील पाकिटे
- एक्स्टर्नल हार्ड डिस्क, शक्यतो दोन
- नोंदवही

टर्नटेबल घेताना ७८ चा वेग आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी१२० मध्ये तिन्ही वेग आहेत, तर त्याच कंपनीच्या स्वस्त एलपी६० मध्ये ७८ नाही. एलपी१२० वर येणाऱ्या व्हीएम९५ मालिकेच्या कार्ट्रिजचा (सुई ज्यात बसते त्या भागाचा) फायदा असा की कार्ट्रिज न सोडता केवळ सुई ओढून काढता येते आणि त्याच जागी ७८ ची सुई बसवता येते.

तारा, जोडण्या, छोटे प्लग यांसाठी बुधवार पेठेतील तापकीर गल्लीत एक चक्कर पुरते. जुन्या तबकड्या मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी मिळतात, मात्र तेथे वाजवून पाहण्याची सोय नसते, त्यामुळे डोळ्यांनी पारखायला शिकावे लागते. तिसरा टप्पा त्यासाठीच आहे.

दोन सापळे येथेच नोंदवतो. घरातील सत्तरच्या दशकातील सूटकेससारखा रेकॉर्ड प्लेअर या कामासाठी वापरू नका. त्यात बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असते, ते तबकडीवर बरेच जड बसते आणि झिजलेली सुई खाच, म्हणजे आवाज साठवलेली रेघ, कोरत जाते. चावीच्या ग्रामोफोनवर व्हिनाइलची तबकडी तर एकदाही लावू नका, कारण त्या पोलादी पिनेखाली तिची खाच पहिल्याच वेळी बिघडते.

दुसरा सापळा पुण्यातील अनेक घरांत आढळतो. अमेरिकेतील नातेवाईक तेथील जुने टर्नटेबल प्रेमाने आणतात, आपण ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावतो आणि तबकडी संथ फिरू लागते. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, विजेची वारंवारता बदलत नाही. अमेरिकेतील वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५० ची. जुन्या धाटणीची एसी मोटर त्या वारंवारतेवरच फिरत असल्याने ३३ च्या जागी सुमारे २८ फेऱ्या होतात. ज्या यंत्रांच्या अ‍ॅडॉप्टरमधून डीसी पुरवठा होतो किंवा ज्यांत क्वार्ट्झने वेग बांधलेला असतो, त्यांना हा त्रास नाही.

३. प्रेसिंगची, म्हणजे छपाईची, पारख करा

एकाच ध्वनिमुद्रणाच्या दोन तबकड्या शेजारी ठेवून ऐकल्या तर त्या वेगळ्या वाजतात, हे पहिल्यांदा अनुभवले तेव्हा मला आश्चर्य वाटले. त्याचे कारण तबकडी तयार होण्याच्या पद्धतीत आहे. प्रथम मऊ लॅकरच्या चकतीवर खाच कोरतात, तिच्यावर धातूचा थर चढवून उलटा साचा काढतात, त्यावरून सुलटी ‘मदर’ आणि मदरवरून पुन्हा उलटे छपाईचे साचे बनवतात. या छपाईच्या साच्यांमध्ये तबकड्या दाबल्या जातात. साचा जसजसा वापरला जातो तसतसा झिजतो, आणि सर्वप्रथम झिजतात त्या सर्वांत बारीक नागमोडी वळणे, म्हणजे वरच्या पट्टीतील सूक्ष्म ध्वनी. सतारीच्या तारेची चमक, तबल्याच्या चाटीची धार, गायकाच्या ‘स’ आणि ‘श’ मधील हवा या गोष्टी उशिरा छापलेल्या प्रतीत बोथट होतात.

लेबल आणि शेवटची खाच यांच्या मधल्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेली अक्षरे आणि आकडे तिरप्या उजेडात वाचून वहीत उतरवा. तोच मॅट्रिक्स क्रमांक. दोन प्रतींचे मॅट्रिक्स क्रमांक वेगळे असतील, तर खाच दोनदा स्वतंत्रपणे कोरली गेली आहे असे समजावे, आणि मग दोन्ही ऐकूनच निवड करावी. इंग्लंडमधील ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीच्या तबकड्यांवर साच्याचा क्रमांक लिहिण्याची एक युक्ती होती. जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी या दहा इंग्रजी अक्षरांचा अर्थ अनुक्रमे १ ते ९ आणि ०. म्हणजे लेबलच्या एका बाजूस केवळ ‘जी’ दिसला तर ती पहिल्या साच्यातील प्रत, आणि ‘आर एम’ दिसला तर चोविसाव्या साच्यातील. भारतीय शास्त्रीय संगीताच्या काही एलपी इंग्लंडमध्येही छापल्या गेल्या असल्याने ही माहिती जुन्या बाजारात उपयोगी पडते. परदेशी छपाईचा पृष्ठभाग बरेचदा शांत असतो. तरीही एचएमव्हीच्या कोलकात्याजवळील डमडमच्या कारखान्यातून आलेली, फार न वाजलेली पहिली आवृत्ती माझ्या हाती आली तर मी तिलाच आधी संधी देतो, कारण आपल्या गाण्यांच्या बाबतीत मूळ टेपच्या सर्वांत जवळ बहुधा तीच असते.

आता डोळ्यांनी पारख. तबकडी खिडकीपाशी नेऊन उजेडाला तिरपी धरा. खाचा काळ्या आणि चकचकीत दिसल्या तर उत्तम. करडी, राखाडी झाक दिसली तर ती धूळ नसून झीज असण्याची शक्यता मोठी, आणि ती धुऊन जात नाही. नखाला लागणारा ओरखडा ऐकू येणार हे निश्चित. नखाला न लागणारे केसासारखे चरे बहुतेकदा दिसतात तेवढे वाजत नाहीत. मधल्या छिद्राभोवती लेबलवर बारीक रेघांचे जाळे असेल, तर ती तबकडी पुष्कळ वेळा घाईने लावली गेली आहे.

छिद्र नेमके मध्यावर नसणे हा छपाईचा मोठा दोष आहे. अशी तबकडी वाजताना टोनआर्म (सुई धरणारा दांडा) डावी-उजवीकडे झुलताना दिसतो आणि सूर प्रत्येक फेरीला वरखाली होतो. एलपीची एक फेरी १.८ सेकंदांची असते. आलापातील लांब षड्ज किंवा नुसता तानपुरा ऐकताना दर १.८ सेकंदांनी सूर डुलत असेल, तर दोष छिद्रात आहे. आमच्याकडील एका सरोदच्या एलपीत पहिल्या बाजूला हा दोष आहे आणि दुसऱ्या बाजूला मुळीच नाही, म्हणून दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासाव्यात.

आतल्या खाचांचाही विचार करावा लागतो. बारा इंची एलपीच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने सरकते, तर लेबलजवळ तोच वेग जेमतेम २१ सेंटिमीटर उरतो. तेवढ्याच संगीताला निम्म्याहून कमी जागा मिळते. त्यातून आपल्या रागसंगीताचा घाट असा की आलाप कडेला येतो आणि द्रुत लय, झाला, तार सप्तकातील ताना नेमक्या लेबलजवळ येतात. तेथे आवाज फाटत असेल तर तबकडी लगेच बाद करू नका. सुई नीट जुळवल्यावर किंवा लंबवर्तुळाकार टोकाची चांगली सुई लावल्यावर यातील बराच भाग सुधारतो.

शेवटचा इशारा कृत्रिम स्टिरिओचा. साठ-सत्तरच्या दशकांत जुनी मोनो ध्वनिमुद्रणे इलेक्ट्रॉनिक युक्तीने ‘स्टिरिओ’ करून पुन्हा काढण्याची पद्धत जगभर होती. एका बाजूला खर्ज आणि दुसऱ्या बाजूला तीव्र ध्वनी अधिक ठेवल्यामुळे गायक धूसर होतो. मुखपृष्ठावर तसा उल्लेख असेल आणि त्याच गाण्यांची मोनो प्रत मिळत असेल, तर मोनो घ्यावी.

४. तबकडी धुवा

येथे लाख आणि व्हिनाइल यांचे नियम वेगळे आहेत आणि त्यांची अदलाबदल झाली तर तबकडी कायमची जाते. ७८ च्या तबकडीला स्पिरिट, आयसोप्रोपिल अल्कोहोल, सॅनिटायझर यांपैकी काहीही लावू नका. अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य, बिनवासाच्या द्रव साबणाचा एखादा थेंब टाकून, ब्रश त्यात ओला करून खाचांच्या दिशेने गोल फिरवावा, नंतर स्वच्छ डिस्टिल्ड वॉटरने पुसून लगेच कोरडी करावी. ती पाण्यात भिजत ठेवू नये.

व्हिनाइल पाण्याला भीत नाही. लेबलवर एखाद्या डब्याचे घट्ट बसणारे प्लास्टिकचे झाकण धरावे आणि त्याच पद्धतीने, थोडे अधिक पाणी वापरून धुवावे. भांडी निथळायच्या जाळीत उभी ठेवून सावलीत वाळवावी. गॅलरीतील ऊन दहा मिनिटांत एलपीला बाक आणू शकते.

नळाचे पाणी शेवटच्या धुण्याला वापरू नका. ज्या सोसायट्यांत बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी येते तेथे स्टीलच्या पेल्यावर जे पांढरे डाग पडतात तेच क्षार खाचेत सुकून बसतात, आणि मग धुतलेली तबकडी न धुतलेलीपेक्षा जास्त कुरकुरते. डिस्टिल्ड वॉटर शक्यतो प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानातून घ्यावे.

पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या पाकिटांना बुरशी धरते आणि ती तबकडीवर पांढुरक्या ठिपक्यांच्या रूपात उतरते. ती घराबाहेर, नाकातोंडाला मास्क लावून कोरड्या ब्रशने झटकावी आणि मगच धुवावी. जुने आतील पाकीट टाकून द्यावे, परंतु त्यावर काही लिहिलेले असेल तर आधी त्याचा फोटो काढावा.

५. टर्नटेबल जुळवा

टर्नटेबल सपाट आणि जड बैठकीवर ठेवा. जुन्या वाड्यातील लाकडी तक्तपोशीवर कोणी चालले तरी सुई थरथरते, म्हणून भिंतीत ठोकलेली फळी अधिक बरी. गणेशोत्सवाआधीच्या आठवड्यांत नदीकाठी ढोलाचा सराव सुरू असतो, त्या वेळचा खर्ज खिडक्या बंद असूनही रेकॉर्डिंगमध्ये उतरलेला मी पाहिला आहे. त्या दिवसांत पहाटेची वेळ साधा.

सुईचा भार निर्मात्याने दिलेल्या मर्यादेतच ठेवा. एलपीच्या सामान्य सुयांसाठी तो दोन ग्रॅमच्या आसपास असतो, ७८ च्या सुईसाठी त्याहून बराच जास्त. भार कमी ठेवला म्हणजे तबकडी जपली जाते, ही समजूत चुकीची आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंतींना इजा करते.

सुईच्या जाडीबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण नवख्यांची सर्वांत सामान्य चूक येथे होते. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या १८ मायक्रॉनच्या आसपास असते आणि ७८ च्या सुईची सुमारे ६५ ते ७५ मायक्रॉन. एलपीची सुई ७८ च्या रुंद खाचेत घातली तर ती भिंतींना न टेकता तळाशी घरंगळत राहते, आणि तळाशी असते ती ऐंशी वर्षांची भुकटी. गाणे ऐकू येते, म्हणून चूक लक्षात येत नाही. योग्य सुई लावली की त्याच तबकडीची निम्मी खरखर आपोआप खाली बसते आणि आवाज पुढे येतो. आजोबांच्या ११ क्रमांकाच्या तबकडीला मी वर्षभर ‘खराब’ असा शेरा देऊन ठेवले होते. ती नाट्यपदाची तबकडी आज आमच्या संग्रहातील सर्वांत सुस्पष्ट ७८ आहे.

वेग तपासायला कागदी स्ट्रोबोस्कोप (योग्य वेगाला जिच्या रेघा स्थिर दिसतात अशी चकती) वापरत असाल, तर तो ५० हर्ट्झसाठीचा आहे ना, हे पाहा. ३३ १/३ साठी त्यावर १८० रेघा हव्यात. अमेरिकी चकतीवर २१६ असतात आणि ती आपल्या विजेवर खोटे सांगते. ही तपासणी जुन्या पिवळ्या बल्बखाली किंवा चोकवाल्या ट्यूबखाली करावी, कारण अनेक एलईडी दिवे विजेबरोबर लुकलुकत नाहीत.

जोडणी करताना टर्नटेबलची अर्थिंगची बारीक तार प्रीअँपच्या स्क्रूला बांधा. ती राहिली की सतत घूं असा आवाज येतो. तरीही घूं राहिली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. अंगभूत प्रीअँप चालू असताना पुन्हा बाहेरच्या फोनो इनपुटमध्ये तार घालू नका, आवाज फाटका आणि बोजड होईल. उलट आवाज अगदी क्षीण आणि पत्र्यासारखा येत असेल, तर प्रीअँप कोठेच लागलेला नाही. लॅपटॉपच्या माइकच्या छिद्रात तार घालण्याचा मोहही टाळावा.

६. ७८ चा वेग आणि समतोल

हा टप्पा केवळ ७८ साठी आहे, एलपीवाल्यांनी पुढे जावे.

नावाने ७८ असली तरी जुन्या काळी सर्व तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांवर कोरल्या गेल्या नाहीत. वेग चुकला की गायकाची पट्टी बदलते, आणि गाणाऱ्या घरात ती चूक लगेच बोचते. एका स्वराचा, म्हणजे पेटीवरील लगतच्या दोन पट्ट्यांमधला फरक वेगात सुमारे सहा टक्के असतो. ज्या गाण्यात साथीला पेटी किंवा ऑर्गन आहे, त्यातील षड्ज आपल्या पेटीवर शोधा. तो काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मध्येच कोठेतरी लटकत असेल, तर बहुधा वेग चुकलेला आहे. त्या काळातील पेट्यांचा सूर आजच्या पेट्यांशी तंतोतंत जुळेलच असे नाही, म्हणून एकाच तबकडीवरून निर्णय न घेता त्याच गायकाच्या, त्याच काळातील दोन-तीन तबकड्या ताडून पाहाव्यात.

समतोलाचा प्रश्न असा. तबकडी कोरताना खर्ज दाबतात आणि तीव्र ध्वनी वाढवतात, वाजवताना प्रीअँप त्याच्या उलट करतो. या उलटसुलटीचे आरआयएए हे प्रमाण १९५४ साली ठरले आणि आजचा प्रत्येक प्रीअँप तेच गृहीत धरतो. त्याआधीच्या ७८ च्या तबकड्यांत तीव्र ध्वनी बहुधा तेवढे वाढवलेले नसत, तरीही आजचा प्रीअँप १० किलोहर्ट्झला जवळपास १४ डेसिबल कापतो. गाणे घोंगडीआडून आल्यासारखे वाटते आणि दोष तबकडीवर जातो. ऑडॅसिटीत आरआयएए आणि काही जुन्या ७८ चे समतोल-वक्र तयार मिळतात. कच्च्या रेकॉर्डिंगच्या प्रतीवर आरआयएए उलटा लावून नंतर जुना वक्र लावून ऐकावा. १९२५ पूर्वीच्या, कर्ण्यात तोंड घालून गायलेल्या ध्वनिमुद्रणांना तर विद्युत समतोल मुळातच नव्हता.

७. रेकॉर्ड करा

ऑडॅसिटीत २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ ठेवा. जागा कमी असेल तर ४८ किलोहर्ट्झही चालेल, परंतु २४ बिट सोडू नका. ९६ वर न दाबलेली स्टिरिओ फाइल मिनिटाला सुमारे ३५ एमबी घेते, म्हणजे ४५ मिनिटांच्या एलपीला दीड जीबीहून थोडे अधिक.

आधी तबकडीतील सर्वांत मोठा आवाज शोधा. रागदारीत तो बहुधा शेवटच्या पाच मिनिटांत असतो. तेथे पातळी शून्याखाली ६ डेसिबलपर्यंतच जाईल असा इंटरफेसचा नॉब लावा. शून्याला टेकलेला आवाज कापला जातो आणि तो कोणत्याही उपायाने परत येत नाही. विंडोजच्या ध्वनी-सेटिंगमधील आवाज सुधारण्याचे सर्व पर्याय बंद करा. ते बोलण्यासाठी असतात आणि तानपुऱ्याला गोंगाट समजतात. मोबाइल दूर ठेवा. देखभालीसाठी वीज बंद राहणार असल्याची सूचना असेल, त्या गुरुवारी काम काढू नका.

सुई टेकण्यापूर्वी रेकॉर्डिंग सुरू करा आणि उचलल्यानंतर थांबवा. गाण्याआधीची नुसत्या खाचेची काही सेकंदे पुढे उपयोगी पडतात. बाजू संपली की फाइल त्याच स्वरूपात एफएलएसी (दर्जा न घटवता आकार कमी करणारा प्रकार) म्हणून साठवा आणि नावात ‘मूळ’ लिहा. या फाइलला यापुढे कधीही हात लावायचा नाही, सगळे प्रयोग तिच्या प्रतीवर.

८. सफाई : हात आखडता ठेवून

तबकडी मोनो असेल तर प्रथम डावा आणि उजवा भाग वेगवेगळे ऐका. जड पिनांनी खाचेची एक भिंत अधिक झिजलेली असू शकते, तसे असेल तर चांगली बाजूच घ्या. दोन्ही सारख्या असतील तर एकत्र करून मोनो करा. मोनो तबकडीत संगीत खाचेच्या आडव्या हालचालीत असते, उभ्या हालचालीत केवळ घाण आणि खरखर असते, आणि दोन्ही बाजू मिळवल्या की ती उभी खरखर परस्पर कटते. या एका कृतीने जेवढे साधते तेवढे पुढच्या कोणत्याही फिल्टरने साधत नाही.

टिकटिक काढण्याचे स्वयंचलित साधन तबल्याच्या गाण्यावर सरसकट चालवू नका. किनारीवरचा ‘ता’ आणि ओरखड्याची टिक, दोन्हींची सुरुवात सारखीच टोकदार असते. माझ्या पहिल्या प्रयत्नात एका तीनतालाच्या गतीतील चाटीचे सगळे बोल असे बोथट झाले की तबला कापडाखाली ठेवून वाजवल्यासारखा वाटत होता. खरी टिक ओळखण्याची खूण म्हणजे तिची नियमितता : ३३ वर दर १.८ सेकंदांनी, ७८ वर दर पाऊण सेकंदाने ती येते, आणि ती लयीशी जुळत नाही. अशा टिका मोठ्या करून पाहून एकेक निवडा आणि ऑडॅसिटीतील ‘रिपेअर’ने बुजवा. हे साधन एका वेळी १२८ नमुन्यांपर्यंतच चालते, म्हणजे ९६ किलोहर्ट्झवर सुमारे सव्वा मिलिसेकंद. काम चिकाटीचे आहे, एका बाजूला माझा तास सहज जातो.

सततची खरखर कमी करण्याच्या साधनाला नमुना द्यावा लागतो. तो गाण्याआधीच्या नुसत्या खाचेतूनच घ्या. तानपुरा सुरू झाल्यानंतरचा तुकडा चुकूनही निवडला, तर प्रोग्रॅम तानपुऱ्यालाच गोंगाट समजून संपूर्ण गाण्यातून पुसतो. आमच्या त्या सीडीचे नेमके हेच झाले होते. नमुना बरोबर असला तरीही तानपुऱ्याच्या जवारीची ती झिणझिण खरखरीच्या अगदी शेजारी राहते, म्हणून मी ६ डेसिबलपलीकडे जात नाही. ऑडॅसिटीत ‘रेसिड्यू’ हा पर्याय आहे, तो निवडल्यावर जे काढले जाणार आहे केवळ तेवढेच ऐकू येते. त्यात स्वराची अस्पष्टशी सावली जरी आली, तरी मात्रा कमी करा.

९. तुकडे, नावे आणि साठवण

ऑडॅसिटीत प्रत्येक गाण्याच्या आरंभी ‘लेबल’ ही खूण टाकून एकदम अनेक फाइल निर्यात करता येतात. नावात तबकडीचा क्रमांक, बाजू, गायक आणि राग किंवा पहिली ओळ घाला. तबकडीच्या दोन्ही बाजूंवरील कागदी लेबलांचा, मुखपृष्ठाचा आणि मॅट्रिक्सचा फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवा. कोणती सुई, कोणता वेग आणि कोणती सफाई वापरली याची चार ओळींची टीप जोडा. मोबाइलसाठी एमपीथ्री वेगळी करा. मूळ फाइल दोन डिस्कवर ठेवा आणि त्यांतील एक डिस्क दुसऱ्या घरी असू द्या.

कायद्याबद्दल थोडक्यात. भारतात ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनाच्या पुढील कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो, आणि गीत व संगीत यांचे हक्क वेगळे असून ते रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतात. घरात ऐकण्यासाठी केलेली प्रत आणि इंटरनेटवर सर्वांसाठी टाकलेली प्रत यांना एकच माप लावू नका. टाकण्यापूर्वी दोन्ही तारखा तपासा.

काम झाल्यावर तबकड्या आडव्या रचून ठेवू नका, खालच्या तबकड्यांवर भार येतो. उभ्या, फार न दाबता, जमिनीपासून वर आणि बाहेरच्या भिंतीला न टेकवता ठेवा. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांचा व्हिनाइलवर धुरकट डाग पडतो, म्हणून पॉलिथिनची किंवा आम्लविरहित कागदाची पाकिटे घ्या. आमच्या नव्या पाकिटांवर मी आजोबांचेच क्रमांक पेन्सिलीने पुन्हा लिहिले आहेत आणि फाइलच्या नावातही तेच आकडे आहेत, त्यामुळे संगणकावर ११ शोधले की कपाटातील ११ हाती येते.